‘लोक काय म्हणतील’ आणि उत्तरकाशीचा अर्ज

प्रश्न थोडक्यात असा: वय २८, मूळ गाव नाशिक, पुण्यात आयटीतली नोकरी, सह्याद्रीत चार वर्षांची भटकंती. उत्तरकाशीचा बेसिक माउंटेनिअरिंग कोर्स करायचा आहे आणि जमलं तर पुढे सहा महिने हिमालयात काढायचे आहेत. पण दोनदा अर्ज अर्धवट सोडला. घरी लग्नाचं बघताहेत, मामा म्हणतात, ‘चांगल्या पगाराची मुलगी, डोंगर कसले चढतेस?’ ऑफिसात एवढी रजा मागायची लाज वाटते. भीती डोंगराची नाही, लोकांची आहे. ती घालवायची कशी?

एका गोष्टीपासून सुरुवात करते. लोकांची ही भीती घरी ठेवून डोंगरावर जाता येत नाही, ती सॅकमध्ये बसून वर येते. मामांना काय वाटेल म्हणून अर्ज सोडणारा माणूस चार हजार मीटरवर तंबूतल्या सोबत्यांना काय वाटेल म्हणून डोकेदुखी लपवतो, आणि तिथे त्याची किंमत फार मोठी असते. म्हणून हे काम नाजूक मनाचे लाड समजू नका. दोर बांधायला शिकण्याइतकंच ते सुरक्षिततेचं काम आहे.

आधी ‘लोक’ हा शब्द मोडून टाका. एका कोऱ्या कागदावर तीन रकाने पाडा. पहिल्यात नाव, दुसऱ्यात ती व्यक्ती नेमकं काय म्हणेल ते तिच्याच शब्दांत, तिसऱ्यात तसं ती म्हणालीच तर तुमचं प्रत्यक्षात काय जाईल. ‘समाज’, ‘नातेवाईक’, ‘सगळे’ असं लिहायचं नाही, नावच लिहायचं. बहुतेकांच्या कागदावर पाच-सात नावांच्या पुढे यादी जात नाही. मामांच्या पुढचा तिसरा रकाना कोरा राहतो, फार तर ‘दिवाळीत दोन तास अवघडल्यासारखं होईल’ एवढंच येतं. वडिलांच्या नावापुढे मात्र ‘पाय मोडून घरी बसलीस तर?’ असं येतं आणि तिसऱ्या रकान्यात लिहिण्यासारखं खरंच काहीतरी असतं.

इथेच दोन जाती वेगळ्या होतात: एक काळजी, दुसरा शेरा. काळजीला उत्तर द्यायचं आणि तेही गृहपाठ करून. शेऱ्याला उत्तर द्यायचंच नाही. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. मामांशी तासभर वाद घालतात, आणि वडिलांनी विचारलं की ‘बाबा, काही होत नाही हो’ म्हणून उठून जातात. मग मामा ऐकत नाहीत आणि बाबांची झोप उडते.

शेरा मारणारे आपल्याकडे किती लक्ष देतात, याचा आपला अंदाज नेहमी फुगलेला असतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली याबद्दलचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून लोक बसलेल्या खोलीत पाठवलं. खोलीतल्या साधारण निम्म्या लोकांनी तो पाहिला असेल असं त्या विद्यार्थ्यांना वाटलं, प्रत्यक्षात ओळखणारे त्याच्याही निम्मेच निघाले. तुमच्या कोर्सची चर्चा एका लग्नाच्या पंगतीत होईल, पुढच्या लग्नात दुसऱ्या कोणाची तरी होईल.

आता काळजीवाल्यांसाठीचा गृहपाठ. हा भाग कंटाळवाणा असला तरी भीती सगळ्यात जास्त इथेच उतरते, कारण ‘मी जाणार आहे’ हे वाक्य पोकळ असलं की समोरच्याला लगेच कळतं.

संस्थेची माहिती पक्की करा. उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग १९६५ पासून आहे, दार्जिलिंगची संस्था १९५४ पासून, शिवाय मनाली आणि पहलगाम इथेही सरकारी संस्था आहेत. बेसिक कोर्स साधारण २६ ते २८ दिवसांचा असतो. त्यात प्रस्तरारोहण, मग बर्फावरचं चालणं, मग हिमनदीवरचं काम. उत्तरकाशीत खडकावरचा सराव टेखला भागात होतो. जागा लवकर भरतात, म्हणून अर्ज बरेच महिने आधी करावा लागतो. अर्जासोबत डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र आणि जोखीम मान्य असल्याचं हमीपत्र लागतं. ते हमीपत्र घरी लपवू नका. आई-बाबांच्या हाती ते अचानक पडलं तर तुमच्या बाकी सगळ्या कागदांवरचा त्यांचा विश्वास उडेल.

४ ऑक्टोबर २०२२ हा दिवसही लपवू नका. त्या दिवशी याच संस्थेच्या ॲडव्हान्स कोर्सची तुकडी द्रौपदी का डांडा शिखराच्या वाटेवर हिमस्खलनात सापडली आणि २९ जण गेले. त्यात सविता कंसवाल होती. त्याच वर्षी तिने एव्हरेस्ट आणि मकालू १६ दिवसांच्या अंतराने केलं होतं. हे वडिलांना इंटरनेटवर सापडणारच आहे, तर ते तुमच्याच तोंडून कळू द्या. धोका शून्य नाही, हे तुम्ही म्हणालात की ‘हिला काही कळत नाही’ हा त्यांचा मोठा आक्षेप गळून पडतो.

पैशांचा हिशेब एका ओळीत बसायला हवा. महिन्याचा ठरलेला खर्च, म्हणजे भाडं, हप्ते, घरी पाठवायची रक्कम आणि विम्याचा हप्ता, याला सुट्टीचे महिने अधिक नोकरी शोधायचे तीन महिने यांनी गुणा आणि वर अडीअडचणीची रक्कम ठेवा. समजा खर्च ३२,००० आहे आणि सुट्टी सहा महिन्यांची, तर ३२,००० गुणिले ९ म्हणजे २,८८,०००. वर ६०,००० धरले तर ३,४८,०००. कोर्सची फी, प्रवास आणि बूट-कपडे हे त्याहून वेगळं. हा आकडा बँकेत नसेल तर सहा महिन्यांची गोष्ट घरी आत्ता काढूच नका, फक्त कोर्सचं बोला.

खरं तर माझं मत असंच आहे की नोकरी आत्ता सोडू नये. २८ दिवसांच्या कोर्ससाठी साठलेली हक्काची रजा आणि कमी पडेल तेवढी बिनपगारी रजा मागा. अर्ज तीन महिने आधी द्या, काम कोणाकडे सोपवणार हे त्यातच लिहा आणि शेवटी ‘कळवावे’ असं लिहून उत्तराची तारीख घाला. साहेबांसमोर ‘माझं स्वप्न आहे’ वगैरे बोलायची गरज नाही. ‘सरकारी संस्थेचा निवासी कोर्स आहे, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, डोंगरात नेटवर्क नाही’ एवढं पुरतं. कोर्स केल्याशिवाय सहा महिन्यांचा निर्णय घेणं म्हणजे पोहायला यायच्या आधी होडी विकत घेणं. पहाटेची कवायत, पाठीवर पंधरा-वीस किलो, आठवडाभर अंघोळ नाही, हे आपल्याला आवडतं की नाही हे २८ दिवसांत कळतं. ज्यांना आवडत नाही तेही मोकळे होतात.

विम्याची चूक फार होते. कंपनीचा समूह विमा नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो, आणि आई-बाबा त्याच विम्यात असतील तर त्यांचंही संरक्षण जातं. नवीन आरोग्य विम्यात पहिले ३० दिवस आजारपणाचा दावा मान्य होत नाही, आणि आधीपासूनच्या आजारांना त्याहून कितीतरी लांब थांबावं लागतं. म्हणून पुढे कधी नोकरी सोडायची झालीच, तर स्वतःची आणि आई-बाबांची पॉलिसी राजीनाम्याच्या निदान दोन महिने आधी घ्या. पॉलिसीच्या कागदात साहसी खेळांबद्दल काय लिहिलंय ते वाचा. गिर्यारोहण वगळलेलं असेल तर ते वेगळं घ्यावं लागतं.

तयारीसाठी पुणं चांगलं आहे. पर्वतीच्या १०३ पायऱ्या, पाठीवर आधी पाच किलो आणि तीन महिन्यांत बारा किलो, आठवड्यातून तीनदा. पाच किलोमीटर अर्ध्या तासात पळता आलं पाहिजे. रविवारी आतकरवाडीतून सिंहगड, वजन घेऊन आणि मध्ये न बसता. याचा एक फायदा घरातही होतो. तीन महिने पहाटे साडेपाचला उठणाऱ्या मुलीला ‘डोक्यात खूळ शिरलंय’ असं म्हणणं जड जातं.

आता घरचं बोलणं. हे जेवणाच्या ताटावर, पाहुण्यांसमोर किंवा फोनवर करू नका. नाशिकला जा, शनिवारी दुपारचा चहा झाल्यावर बसा. घरात ज्यांचा ‘नाही’ सगळ्यात जड, त्यांच्याशी आधी आणि एकट्याने बोला. पुष्कळ घरांत वरवर वडील नाही म्हणत असतात, पण खरी घाबरलेली आई असते. तसं असेल तर स्वयंपाकघरातून सुरुवात करा.

एक छापील पान समोर ठेवा. संस्थेचं नाव, पत्ता, फोन, तारखा, कुठल्या दिवसांत संपर्क होणार नाही, पैसे, विमा, डॉक्टरांचं प्रमाणपत्र. मग परवानगी मागू नका आणि घोषणाही करू नका. ‘मी जाऊ का?’ विचारलं की उत्तर ‘नको’च येतं, कारण आई-बापाला नको म्हणणंच सोपं असतं. ‘मी चाललेय’ म्हटलं की भांडण होतं. असं म्हणा: ‘हा कोर्स करायचं माझं ठरलंय. तुम्हाला शांत झोप लागायला यात काय काय असायला हवं, ते सांगा.’ आणि मग गप्प बसा. ही शांतता फार जड जाते, मिनिटभर पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येतो आणि आपण घाबरून पुन्हा बोलायला लागतो. तेवढं करू नका. पहिलं उत्तर रागाचं येईल, दुसरं टाळाटाळीचं, बहुतेक वेळा खरी गोष्ट तिसऱ्या वाक्यात येते: ‘तिकडे फोन लागत नाही म्हणतात.’ ती पकडा आणि कागदावर लिहा.

फोनच्या बाबतीत करार स्पष्ट हवा. हिमनदीच्या तळावर नेटवर्क नसतं, त्यामुळे ‘रोज मेसेज करेन’ हे वचन मोडणारच, आणि मोडलं की घरात आकांत होतो. त्याऐवजी ठरवा: अमुक तारखेपासून दहा-बारा दिवस फोन येणार नाही, फोन नाही म्हणजे संकट नाही, अमुक तारखेच्या संध्याकाळपर्यंत आला नाही तरच संस्थेच्या कार्यालयात विचारायचं. ती तारीख ठरलेल्या परतीच्या दिवसाच्या दोन दिवस पुढची ठेवा. हा कागद फ्रिजवर लावून जा.

त्यांच्या एक-दोन अटी मान्य करा, सगळ्या नको. ‘वैद्यकीय तपासणी आमच्या डॉक्टरांकडून कर’ ही अट चांगली आहे. ‘लग्नानंतर कर’ ही अट नाही, ते पुढे ढकलणं आहे. त्यावर एवढंच: ‘लग्नाचं बोलणं थांबवत नाहीये, कोर्सच्या तारखा तेवढ्या सोडून.’ स्थळ बघायला आलंच, तर कांदेपोह्यांच्या पहिल्या भेटीतच डोंगराचं सांगा, तारखांसकट. तेव्हा लपवलं तर साखरपुड्यानंतर तोच प्रश्न दुप्पट आकाराचा होऊन येतो, आणि तेव्हा ‘लोकां’मध्ये आणखी दोन कुटुंबं वाढलेली असतात.

शेऱ्यांचं काय? त्यासाठी सराव लागतो, निश्चय पुरत नाही. उघड्या कड्याची भीती जशी पायरीपायरीने जाते तशीच हीही जाते. बारा आठवडे धरा. न आवडणाऱ्या आठ-दहा प्रसंगांना शून्य ते दहा असे गुण द्या. तीन गुणांच्या प्रसंगापासून सुरुवात करा: रविवारच्या बारशाला न जाणं आणि ‘ट्रेकला चाललेय’ हे खरं कारण सांगणं. पाचवर बहुधा ऑफिसच्या ग्रुपवर कोर्सबद्दल एक ओळ टाकणं येईल. सात-आठवर मामांच्या घरी जेवायला बसून त्यांचं सगळं ऐकून घेणं आणि बाजू न मांडणं. एक प्रसंग निदान दोन-तीनदा करा आणि गुण निम्म्यावर आले की पुढच्याकडे जा.

यात बिघडतं ते ठरावीक ठिकाणी. लोक थेट नऊवर उडी मारतात, भाजून घेतात आणि ‘आपल्याला जमत नाही’ म्हणून सोडून देतात. दुसरं म्हणजे लांबलचक स्पष्टीकरण. मामांना तिसरं कारण दिलं की त्यांना चौथा आक्षेप सापडतो. एकच वाक्य ठेवा: ‘मामा, तुमचं म्हणणं कळलं, माझं ठरलंय, आमटी द्या ना.’ तेच वाक्य, त्याच आवाजात, लागेल तितक्या वेळा. तिसरी चूक सगळ्यात न दिसणारी असते. प्रसंग झाल्यावर मैत्रिणीला फोन करून ‘मी बरोबर केलं ना?’ विचारणं. त्याने घटकाभर बरं वाटतं, पण भीती तिथेच राहते, कारण आपण फक्त परवानगी देणारा माणूस बदललेला असतो.

टीकेचा जोर बाईवर जास्त पडतो, हे मान्यच करायला हवं. जपानची जुंको ताबेई १६ मे १९७५ रोजी एव्हरेस्टवर पोहोचणारी पहिली महिला ठरली. पण त्या मोहिमेसाठी पैसे मागायला गेल्यावर ‘बायकांनी मुलं सांभाळावीत’ असं तिच्या तोंडावर सांगितलं गेलं होतं. घरी तीन वर्षांची मुलगी होती. तिने पियानोच्या शिकवण्या घेऊन पैसे उभे केले. बचेंद्री पाल बी.एड. झालेली होती, तिने शिक्षिका व्हावं अशी घरच्यांची इच्छा होती. ती आधी उत्तरकाशीलाच शिकली, आणि २३ मे १९८४ ला एव्हरेस्टवर गेली. या दोघींकडून घ्यायचं ते शिखर नव्हे, क्रम घ्यायचा. आधी शिक्षण, पैशांची सोय, मग मोहीम. लोकांची मतं बदलली ती फार नंतर, आणि त्यांच्यासाठी दोघी थांबल्या नाहीत.

आता डोंगरावरची गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं आहे. ३,८०० मीटरवरचा तंबू, संध्याकाळचे सात. दुपारपासून डोकं ठणकतंय, डाळ-भात दोन घासांवर ठेवलाय. शेजारची विचारते, ‘बरी आहेस ना?’ आणि तोंडातून निघतं, ‘हो गं, दमलेय फक्त.’ आई-बाबांना ‘काही नाही, ऑफिसचं टेन्शन’ म्हणणारं तेच तोंड. कारणही तेच: माझ्यामुळे सगळ्यांना थांबावं लागेल, मला कमजोर समजतील.

उंचीवर डोकेदुखी आणि तिच्याबरोबर मळमळ, चक्कर किंवा विलक्षण थकवा, म्हणजे विरळ हवेचा त्रास असंच धरायचं, दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत. त्याच क्षणी प्रशिक्षकाला सांगायचं. लक्षणं जाईपर्यंत वर जायचं नाही, वाढली तर खाली उतरायचं. टाचेला दुसऱ्या पायाचा अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावलं टाकायला लावतात. तोल गेला तर मेंदूला सूज असू शकते. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला येत असेल, तर फुप्फुसात पाणी होतंय असं समजायचं. या दोन्हींत सकाळची वाट पाहत नाहीत. शक्य तितकं लगेच निदान ३०० ते १,००० मीटर खाली आणतात. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम वाढवावा. अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी काहींना आधीपासून देतात, बहुधा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पण ती डॉक्टरांना विचारूनच घ्यायची आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगायचं. गोळी घेतली म्हणून लक्षणं लपवायची मुभा मिळत नाही.

या सगळ्याचा सराव सह्याद्रीत होतो आणि तो मी सगळ्यांना करायला सांगते. कळसूबाईला बारी गावातून चढा. १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. निघतानाच परतीची वेळ ठरवा आणि ती मुद्दाम घट्ट ठेवा, शेवटच्या शिडीपाशीच संपेल अशी. वेळ झाली की वळा. माथा समोर दिसतोय, बाकीचे वर चाललेत, कोणीतरी म्हणतं, ‘अगं, दहा मिनिटं राहिलीत!’ तेव्हा पोटात जो पीळ पडतो, तोच मामांसमोर पडतो. खाली या. घरी ‘झालं का कळसूबाई?’ विचारलं की ‘नाही, शिडीपाशी वळले’ एवढंच सांगा, कारण जोडू नका. हे दोनदा जमलं की तुम्ही अर्ज भरायला तयार आहात. आणि कोर्स पुरा होईपर्यंत इन्स्टाग्रामवर काही टाकू नका. नाहीतर घरच्यांच्या अपेक्षा उतरवून ठेवाल आणि अनोळखी लोकांच्या चढवून घ्याल.

शेवटचं, परतल्यानंतरचं. कोर्समध्ये श्रेणी मिळते आणि ॲडव्हान्स कोर्सला ‘ए’ श्रेणी लागते. सगळ्यांना ती मिळत नाही. चांगल्या चालणाऱ्यांची ती गाठी-दोरांच्या परीक्षेत जाते, कधी आजारपणात. ‘बी’ मिळाली तर स्टेशनवरून घरी पोहोचायच्या आधीच, फोन लागेल तिथून बाबांना सांगून टाका: ‘बी मिळाली, गाठींमध्ये कमी पडले, पुढच्या वर्षी बघू.’ घरी जाऊन योग्य वेळ शोधत बसलात, तर पुन्हा तो कागद काढून तीन रकाने पाडावे लागतील.